ओवाळणीच्या ताटातलं पिल्लू

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं, गाव आणि वर्ष दिलेलं नाही. दिवाळीत भेट म्हणून पिल्लू आलेल्या घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र आणून प्रसंग प्रातिनिधिक ठेवला आहे. आजार, औषधोपचार आणि कायद्याचे तपशील कुठल्याही घराला लागू पडतील असे आहेत.

घर आणि भेट

भाड्याचं घर, दुसरा मजला, दोन खोल्या आणि एक गॅलरी. नवरा आडतीवर मुनीम, बायको घरीच शिवणकाम करणारी, नऊ वर्षांचा मुलगा आणि दम्याचा त्रास असलेली आजी. बारा किलोमीटरवरच्या गावी चार एकर शेत. सोयाबीनची रास नुकतीच झालेली, हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली. दिवाळीचा फराळ संपायच्या आत नवरा शेतावर आणि आडतीवर, बायको ब्लाउजांच्या ढिगात, मुलगा सुट्टी संपली की शाळेत. दिवसभर घरात आजी एकटी. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही दोन तास.

मुलाचा मामा पुण्यात नोकरीला. "मामा, मला कुत्रं पाहिजे," असा भाच्याचा वर्षभर फोनवर धोशा. मामानं पाडव्याच्या दिवशी मोबाइलवरची जाहिरात पाहून लॅब्रॉडॉरचं पिल्लू घेतलं. विकणाऱ्यानं ते हमरस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपाजवळ आणून दिलं. आठ हजार रुपये दिले, पावती नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुठ्ठ्याच्या खोक्यातून सात-आठ तासांचा प्रवास झाला आणि भाऊबीजेला दुपारी ओवाळून झाल्यावर मामानं ते खोकं ताटाशेजारी ठेवलं. बहिणीला आधी काही कळवलेलं नव्हतं. तिलाही आनंदाचा धक्का द्यायचा होता. दाजींना पसंत नसेल हे त्याला माहीत होतं. "पिल्लू बघितल्यावर दाजी नाही म्हणणार नाहीत," असा त्याचा हिशेब होता.

हिशेब बरोबर निघाला. कुणीच नाही म्हटलं नाही. भाऊबीजेच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, लेकराच्या मांडीवर पिल्लू असताना नाही म्हणायची सोय कुठल्याच बहिणीला नसते. पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ आम्हाला इथे दिसतं. दहा-बारा वर्षांचा निर्णय एका माणसानं घेतला आणि तो ज्यांनी निभवायचा त्यांना नकाराची जागाच ठेवली नाही. मुलगा आज नऊ वर्षांचा आहे. हे कुत्रं म्हातारं होईल तेव्हा तो कॉलेजात असेल, बहुधा दुसऱ्या गावी. त्याला कुत्रं हवं होतं यात खोटं काही नव्हतं, पण त्याच्या इच्छेवर पुढची दहा वर्षं आईनं सकाळी सहाला उठायचं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

कार्ड एक सांगतं, दात दुसरं

पिल्लाबरोबर एक कार्ड आलं होतं. वय दोन महिने आणि "पहिली लस झाली" असं त्यावर लिहिलेलं. चौथ्या दिवशी आमच्या जनावरांच्या दवाखान्यात हे कार्ड तपासलं तेव्हा त्यात तीन गोष्टी नव्हत्या: लसीच्या बाटलीवरून काढून चिकटवलेलं लेबल, बॅच नंबर आणि पशुवैद्यकाची सही-शिक्का. नुसती तारीख आणि टिकमार्क म्हणजे लसीचा पुरावा नाही. लस खरोखर दिली असेल तर लेबल चिकटवायला दोन सेकंद लागतात.

वयाचा पुरावा तोंडात असतो. पिल्लाला २८ दुधाचे दात येतात. पुढचे दात आणि सुळे साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात दिसतात, मागच्या दाढा त्यानंतर, आणि आठव्या आठवड्यापर्यंत सगळा संच पुरा होतो. या पिल्लाच्या मागच्या दाढा हिरडीतून नुकत्या डोकावत होत्या. वजन १.८ किलो. म्हणजे वय पाच-सहा आठवडे. दोन महिने तर नक्कीच नाही.

कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल आणि विक्रीबद्दल केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत; ते १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केलेले आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि पिल्लाच्या लसीची नोंद घेणाऱ्याला द्यावी लागते. पेट्रोल पंपाजवळ पिल्लू हातात ठेवणारा माणूस यातलं काहीच दाखवू शकत नाही, आणि म्हणूनच तो घरी बोलावत नाही. घरी बोलावलं तर आई दाखवावी लागेल, जागा दाखवावी लागेल, बाकीची पिल्लं कशी आहेत ते दिसेल.

या दोन-तीन आठवड्यांच्या फरकानं एवढं काय बिघडतं? दोन गोष्टी बिघडतात. पहिली, चावण्याची. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावत खेळतात. जोरात चावलं की भावंडं ओरडतात आणि खेळ थांबवतात, आई गुरगुरते. दात किती जोरानं लावायचे हे पिल्लू यातून शिकतं. हे शिकण्याआधीच उचललेलं पिल्लू माणसाच्या बोटावर पूर्ण ताकदीनं दात रोवतं. दुसरी गोष्ट रोगप्रतिकाराची. आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला रोगाशी लढणारी तयार प्रतिपिंडं मिळतात आणि ती साधारण सहाव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान हळूहळू ओसरतात. या काळात एक पेचाचा टप्पा येतो. आईकडून आलेली प्रतिपिंडं लसीला निकामी करण्याइतकी शिल्लक असतात, पण खऱ्या विषाणूला थोपवण्याइतकी उरलेली नसतात. हा टप्पा कुठल्या पिल्लाला कधी येईल हे बाहेरून कळत नाही. म्हणूनच लस एकदा देऊन भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर, असा क्रम ठेवावा लागतो. कार्डावरची तारीख खरी धरली तर या पिल्लाला चौथ्या आठवड्यात लस टोचली होती. ती टोचली काय आणि न टोचली काय, संरक्षणाच्या दृष्टीनं सारखंच.

पहिले चार दिवस

भाऊबीजेची रात्र. पिल्लानं आठ तास खोक्यात काढलेले, आई आणि भावंडांपासून पहिल्यांदाच दूर, खाली गल्लीत फटाके. ते दिवाणाखाली शिरलं आणि पहाटेपर्यंत कुईं कुईं करत राहिलं. मुलानं म्हशीचं दूध पाजलं, बिस्किटं दिली, रव्याच्या लाडवाचा तुकडा दिला.

लाडवात बेदाणे होते. बेदाणे, मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला बाधतात आणि किती खाल्ल्यावर बाधतील याचा नेम नाही. दिवाळीच्या फराळात कुत्र्याला चालेल असं जवळजवळ काही नसतं. चिवड्यात लसूण, कधी तळलेला कांदा. या दोन्हींनी कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात. चकली-शंकरपाळ्यांचं तूप-तेल स्वादुपिंडाला सूज आणू शकतं. चॉकलेटच्या डब्याचं तर विचारूच नका.

दुसऱ्या दिवशी पातळ जुलाब. सगळ्यांनी दुधावर खापर फोडलं आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. म्हशीच्या दुधानं पिल्लांना जुलाब होतातच. याच दिवशी मामा पुण्याला परत गेला. तिसऱ्या दिवशी पिल्लानं खाणं सोडलं, पिवळट फेसाची उलटी केली. वडिलांनी औषधाच्या दुकानातून माणसांची जुलाब थांबवायची गोळी आणून चतकोर दिली. आतड्याला संसर्ग झालेला असताना हालचाल थांबवणारी गोळी दिली की विषारी द्रव्यं आतच साठतात. शिवाय पावणेदोन किलोच्या जिवाला चतकोर गोळीही जास्त होते. तापाची माणसांची गोळी देणं त्याहून धोक्याचं. चौथ्या दिवशी सकाळी जुलाबात रक्त आलं. त्याचा वास इतका उग्र की आजीनं गॅलरीचं दार लावून घेतलं. तेव्हा कुठे पिल्लू दवाखान्यात आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आलं असतं तर चोवीस तास वाचले असते. खाणं बंद आणि उलटी, ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर चार महिन्यांच्या आतल्या पिल्लासाठी दुपारपर्यंतही थांबू नये.

निदान आणि उपचार

विष्ठेच्या झटपट तपासणीत पार्वो विषाणू सापडला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन हजारांच्या खाली गेलेल्या. निरोगी कुत्र्यात त्या सहा ते सतरा हजारांच्या दरम्यान असतात. हा विषाणू झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतो, म्हणून आतड्याचं अस्तर आणि हाडांतली, रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा दोन्ही एकाच वेळी पडतात. अस्तर गेलं की आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी संपलेल्या असतात.

संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. पिल्लू पाडव्याला हातात आलं आणि भाऊबीजेनंतर दोन-तीन दिवसांत आजारी पडलं. तारखा मांडल्या तर विषाणू विकणाऱ्याकडूनच अंगात घेऊन ते आलं होतं, ही शक्यता सगळ्यात मोठी. मुलाच्या आईला म्हशीच्या दुधाचा किंवा घरातल्या फरशीचा दोष वाटत होता, म्हणून हे तिला स्पष्ट सांगावं लागलं.

उपचार कसा केला हे सविस्तर देतो, कारण "एक सलाईन देऊन बघा" अशी मागणी दर वेळी होते. मान धरून कातडी वर ओढली तर ती परत बसायला वेळ लागत होता, डोळे खोल गेलेले, हिरड्या फिकट आणि चिकट. म्हणजे शरीरातलं पाणी साधारण ८ टक्के कमी झालेलं. १.८ किलोचे ८ टक्के म्हणजे १४४ मिली. ही झाली फक्त तूट. एवढ्या लहान पिल्लाला दिवसाची गरज किलोमागे साधारण १०० मिली धरली तर आणखी १८० मिली. शिवाय उलटी-जुलाबातून जाईल ते वेगळं. चोवीस तासांत सव्वातीनशे मिलीच्या वर द्रव हळूहळू शिरेतून जायला हवा. कातडीखाली दिलेल्या एका इंजेक्शनात हे बसत नाही, आणि रक्ताभिसरण मंदावलेलं असताना कातडीखालचा द्रव नीट शोषलाही जात नाही. पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा नावालाच असतो, म्हणून रिंगर लॅक्टेट या सलाईनमध्ये डेक्स्ट्रोज (साखर) घातलं. उलटी थांबवणारं औषध, रक्तात शिरलेल्या जिवाणूंसाठी शिरेतून प्रतिजैविक, आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. तापमान ९८ अंशांपर्यंत उतरलं होतं; कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे हे पिल्लू गार पडत चाललं होतं. विषाणूवर स्वतंत्र औषध दिलेलं नाही. शरीर स्वतः सावरेपर्यंत त्याला तगवून धरणं, एवढंच या उपचाराचं काम.

उलटी आटोक्यात आल्यावर दुसऱ्याच दिवसापासून दर तीन तासांनी चमचा-चमचा पातळ अन्न सुरू केलं. पूर्वी चार-पाच दिवस तोंड बंद ठेवायची पद्धत होती. आता लवकर अन्न दिलेलंच आतड्याच्या अस्तराला बरं, असा अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात. पाचव्या दिवशी पिल्लू उभं राहून स्वतः खाऊ लागलं. वेळेवर पूर्ण उपचार मिळालेली बहुतेक पिल्लं वाचतात. उपचार न मिळालेली बहुतेक दगावतात.

पाच दिवसांचा खर्च पिल्लाच्या किमतीच्या पुढे गेला. पहिल्या दिवशी वडिलांनी मामाला फोन लावला, तेव्हा मामा म्हणाला, "दाजी, मी पाठवतो पैसे, तुम्ही फक्त वाचवा." त्यानं पैसे पाठवले, हे त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. पण दिवसातून तीन वेळा दवाखान्यात जाणं, रात्री बाटलीतलं पाणी बदलणं आणि उलटी पुसणं पुण्यातून होत नाही. ते सगळं बहिणीनं केलं, ब्लाउजांच्या तारखा चुकवून.

मुलाचं बोट

दवाखान्यात सगळे पिल्लाकडे बघत असताना मुलाच्या करंगळीवर बांधलेली चिंधी दिसली. दुसऱ्या दिवशी खेळताना पिल्लानं दात रोवले होते, रक्ताचा थेंब आला होता, आजीनं हळद भरली होती. "लहान पिल्लाच्या दातांनी काय होतंय," असं घरात सगळ्यांचं मत.

पिल्लालाही रेबीज होतो आणि पिल्लाकडूनही तो माणसाला होतो. या पिल्लाच्या आईला रेबीजची लस होती का, ते कुठल्या जनावरांच्या संपर्कात आलं, काहीच माहीत नव्हतं. पिल्लाला स्वतःची रेबीज लस तीन महिन्यांनंतर देतात, म्हणजे तीही नाही. दात लागून रक्त आलं असेल तर ती तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीची जखम धरतात आणि लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. मुलाला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात पाठवलं. दोन दिवस उशीर झाला असला तरी उशिरा का होईना, लस घ्यायचीच असते.

चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. हळद, तिखट, चुना, तेल काही भरायचं नाही. दंडात घ्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. बऱ्याच सरकारी दवाखान्यांत कातडीत देतात, तिचे ०, ३, ७ आणि २८. चावणारं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर पुढच्या डोसांबद्दल डॉक्टर निर्णय घेतात. इथे पिल्लू आजारी होतं, त्यामुळे दहा दिवसांच्या निरीक्षणावर भरवसा ठेवता येत नव्हता. मुलाचा पूर्ण कोर्स झाला. पिल्लू पार्वोनं दगावलं असतं आणि चिंधी कुणाला दिसली नसती, तर हा धोका कुणाच्या ध्यानातही आला नसता. घरात आलेलं पिल्लू आठवड्याभरात मेलं तर पहिला प्रश्न हाच विचारावा: कुणाला दात किंवा नख लागलंय का?

फरशी, अंगण आणि पाणी

पार्वो माणसांना होत नाही, पण चपलांच्या तळव्यांवरून तो गल्लीभर फिरतो. सावलीच्या, ओलसर जागेत तो महिनोन् महिने टिकतो. फिनेलनं तो मरत नाही. ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं ब्लीच एका भागाला तीस भाग पाणी, म्हणजे १०० मिलीला तीन लिटर, असं रोज ताजं करायचं. आधी घाण साबणाच्या पाण्यानं पूर्ण काढायची, कारण विष्ठेच्या थरावर ब्लीच निकामी होतं. मग ते मिश्रण ओतून दहा मिनिटं फरशी ओली ठेवायची. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नये. क्लोरीन वायू निघतो. घरात दम्याची आजी होती, म्हणून हे काम ती शेजारी गेल्यावर खिडक्या उघड्या ठेवून करायला सांगितलं.

गॅलरी, जिना आणि एक खोली धुवायला दिवसाला तीन-चार बादल्या. आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या घरात हा हिशेब पिल्लू आणण्याआधी मांडायचा असतो. निरोगी पिल्लूसुद्धा या वयात दिवसात दहा-बारा वेळा मुततं. खालच्या सारवलेल्या अंगणाला ब्लीचचा उपयोग नाही, मातीत ते जिरून जातं. तिथे ऊन लागू देणं आणि लस न झालेलं दुसरं पिल्लू वर्षभर न आणणं, एवढंच हातात असतं.

"शेतावर सोडू"

पिल्लू बरं झाल्यावर घरमालकानं निरोप दिला: महिन्याअखेर कुत्रं हलवा. आजीचा दमा वाढला होता. मुलाची शाळा सुरू झाली होती. वडिलांनी सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग सुचवला. शेतावर सोडू, राखणीला होईल.

दोन महिन्यांचं पिल्लू राखण करत नाही. ते स्वतःच राखणीची वस्तू असतं. शेतावर रोज माणूस मुक्कामाला नसेल तर त्याला चार वेळा खायला कोण देणार? मोकाट कुत्री, विहिरीचा काठ, फवारणीच्या औषधाचे डबे, उंदरांसाठी ठेवलेलं विष. शिवाय लॅब्रॉडॉरच्या अंगावर केसांचे दाट दोन थर असतात. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली बांधलेल्या अशा कुत्र्याला उष्माघात व्हायला एक दुपार पुरते. उपाशी-तहानेलं राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्याचा दंड मात्र पन्नास रुपयांपर्यंतचाच, त्यामुळे कायद्याच्या धाकानं कुणी थांबत नाही. हे वडील थांबले ते धाकामुळे नव्हे. पिल्लाला पाच दिवस त्यांच्या बायकोनं उशाशी घेऊन जगवलं होतं.

बहिणीला आम्ही एकच प्रश्न विचारला: हे कुत्रं तुम्हाला हवं आहे का? मामाला, मुलाला नाही, तुम्हाला. ती बराच वेळ गप्प बसली आणि नाही म्हणाली. भाऊबीजेनंतर हा प्रश्न तिला पहिल्यांदा विचारला गेला होता.

दुसरं घर शोधताना पाच अटी पाळल्या. बरं झाल्यावरही पिल्लाच्या विष्ठेतून काही काळ विषाणू पडत राहतो, म्हणून तीन आठवडे ते कुठेही हलवलं नाही. निघण्याआधी अंघोळ घातली, कारण केसांतूनही विषाणू जातो. घेणाऱ्यांच्या घरी आधी जाऊन पाहिलं: तळमजला, भिंतीचं अंगण, दिवसभर घरात असणारं मोठं माणूस, आणि लस न झालेलं दुसरं कुत्रं नाही. आजाराची पूर्ण माहिती कागदावर लिहून दिली, अगदी बेदाण्यांसकट. आणि पैसे घेतले नाहीत, पण दोन्ही घरच्यांच्या सह्या घेतल्या: जमलं नाही तर पिल्लू सोडायचं नाही, आधी फोन करायचा.

मुलाला खोटं सांगायचं नाही, हेही ठरलं. "पिल्लू गावाला गेलं" अशी थाप लेकरं ओळखतात. तो स्वतः सोबत गेला, पिल्लाची वाटी त्यानंच त्या घरी ठेवली. पार्वोतून उठलेल्या पिल्लाला त्या आजाराविरुद्ध चांगलं संरक्षण मिळतं, पण डिस्टेंपर आणि लेप्टोस्पायरोसिस हे कुत्र्यांचे दुसरे संसर्गजन्य आजार उरतातच. म्हणून नव्या घरी लसींचा क्रम पहिल्यापासून धरला. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास, तेरा आठवड्यांचं झाल्यावर, दुसरा डोस आणि रेबीजची लस. संक्रांतीच्या आसपास, सोळा आठवडे उलटल्यावर, शेवटचा.

हीच भाऊबीज वेगळी कशी झाली असती

मामाची माया खरी होती, आणि पिल्लू भेट देणं मुळातच वाईट असं आमचं म्हणणं नाही. फक्त क्रम उलटा हवा.

दिवाळीच्या महिनाभर आधी मामानं बहिणीला एकटीला फोन करायचा. मुलगा, दाजी, सासूबाई कुणी जवळ नसताना. ती नाही म्हणाली तर विषय तिथेच संपतो आणि लेकराला काही कळतही नाही. ती हो म्हणाली तर दाजींशी बोलायचं, घरमालकाची परवानगी लेखी घ्यायची. मग मुलाची परीक्षा: पंधरा दिवस रोज सकाळी सहाला आणि रात्री नऊला हातात पट्टा घेऊन वीस मिनिटं चालून यायचं, कुत्र्याशिवाय. आठव्या दिवशी त्याला हाक मारून उठवावं लागत असेल तर पुढे कुत्र्याला कोण फिरवणार आहे ते कळतं.

ओवाळणीच्या ताटात पट्टा, वाटी आणि एक पाकीट ठेवायचं. पाकिटात पहिल्या चार महिन्यांच्या लसी, जंतांची औषधं आणि आजारपणासाठी बाजूला काढलेली रक्कम. पिल्लू नाही. ते फटाके थांबल्यावर, तुळशीची लग्नं आटोपल्यावर आणायचं. पेरणीतून दाजीही मोकळे झालेले असतात.

जात निवडताना घर बघावं. लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव कारवानी जातीच्या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. देखणं आणि काटक जनावर, पण ते पळण्यासाठी घडलेलं आहे, दोन खोल्यांत ते वेडं होईल. आपल्या उन्हाला सगळ्यात सरावलेलं कुत्रं म्हणजे गावठी. त्यांच्या बऱ्याच माद्या पावसाळ्यानंतर आणि थंडीत वितात, म्हणजे दिवाळीनंतर गल्लीत पिल्लं असतातच. आठ आठवड्यांचं होईपर्यंत त्याला आईजवळच राहू द्यायचं, आईला खायला घालायचं, आणि त्या काळात घरच्यांनी रोज जाऊन ओळख करायची. मुलाची तयारी तिथेच होते आणि घरच्यांचा उत्साह टिकतो की नाही तेही कळतं.

विकत घ्यायचं असेल तर पिल्लाच्या जागी दोनदा जायचं, एकदा न कळवता. आई दिसलीच पाहिजे. डोळे-नाक कोरडे, हिरड्या गुलाबी, शेपटीखाली घाण चिकटलेली नाही, पोट ढोलासारखं फुगलेलं नाही (फुगलेलं असेल तर जंत), पाठीमागे टाळी वाजवल्यावर मान वळते, एवढं तिथेच बघून होतं. भावंडांपैकी एक जरी मलूल असेल तर त्या वेतातलं कुठलंच पिल्लू घ्यायचं नाही. अठ्ठेचाळीस तासांत स्वतःच्या पशुवैद्यकाकडून तपासणी, हे ठरवूनच पैसे द्यायचे. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आसपासच्या लोकांना गुंतागुंतीच्या आजारात तिथल्या दवाखान्याचा आधार असतो, तो पत्ता आधीच माहीत करून ठेवावा.

आणायचं दिवसा, गाडीनं, मांडीवरच्या टोपलीत. निघण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नये, दर दोन तासांनी थांबून पाणी द्यावं. पण चार महिन्यांच्या लसी पुऱ्या होईपर्यंत हॉटेलासमोर, डेपोत, जिथे दुसरी कुत्री हगतात-मुततात अशा जमिनीवर ठेवू नये. गाडीतच जुन्या वर्तमानपत्रावर सोडावं. आईच्या अंगाखालचं एक फडकं मागून घ्यावं. पहिल्या रात्री ते फडकं टोपलीत आणि टोपली माणसाच्या पलंगाशेजारी. ते कुईं कुईं करेल तेव्हा हात खाली सोडून अंगावर ठेवायचा. दोन-अडीचच्या सुमारास एकदा उठून त्याला गॅलरीतल्या कागदावर न्यायचं, झालं की तिथेच शाबासकी द्यायची आणि न खेळता परत टोपलीत ठेवायचं. पहिले आठ-दहा दिवस जे अन्न ते आधीच्या जागी खात होतं तेच द्यायचं, दिवसातून चार वेळा, आणि नवं अन्न चमच्या-चमच्यानं वाढवायचं. कोण किती वाजता देणार ते कागदावर लिहून फ्रिजवर लावायचं, आणि त्या कागदावर आजीचं नाव तिला विचारल्याशिवाय घालायचं नाही.